चेनसॉ चालू होत नसेल तर आधी टाकी रिकामी करा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले, तेव्हा आमच्या बागेतील आंब्याची दोन कलमे मुळासकट आडवी झाली आणि फणसाची एक जाड फांदी मांगराच्या कौलांवर येऊन पडली. वीज नव्हती, आणि रस्त्यांवर पडलेली झाडे हटवण्यात गुंतल्यामुळे लाकूडतोड करणारी माणसे मिळण्याची शक्यताही नव्हती. माझ्याकडे मात्र आदल्या वर्षी हौसेने घेतलेली ५८ सीसीची चेनसॉ पडवीत होती. ती बाहेर काढली, चोक ओढला आणि दोरी ओढायला सुरुवात केली. तासाभराने उजवा खांदा वर उचलेना, पण मशीनमधून साधा ‘फट्’ असा आवाजही निघाला नव्हता.

त्यानंतर मी जे केले ते अशी मशीन बाळगणारे बहुतेक जण करतात. प्रथम नवा प्लग बसवला. त्याने फरक पडला नाही, म्हणून कार्बोरेटरवरचे दोन बारीक स्क्रू, किती फेरे फिरवले याची मोजदाद न ठेवता, कधी आत तर कधी बाहेर असे फिरवून पाहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडे तोडायचे काम नेहमी करणारा एक तरुण वेळ काढून आला. त्याने मशीनला हात लावण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून नाकाशी धरले आणि विचारले, “काका, ह्या पेट्रोल कधीचा?”

ते आदल्या वर्षीचे होते. त्याने टाकी काचेच्या बाटलीत ओतली, तेव्हा तळाशी बोटभर गढूळ थर दिसला आणि वरच्या द्रवाला पेट्रोलचा नव्हे, तर जुन्या वार्निशचा वास येत होता. पेट्रोल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे वंगणाचे तेल) यांचे ताजे मिश्रण भरले तरी मशीन चालू होईना, कारण आता दोष माझ्या स्क्रूड्रायव्हरचा होता. त्याने दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवले, प्रत्येकी सव्वा फेरा बाहेर घेतले आणि चौथ्या ओढीला मशीन सुरू झाली. फांदी कापायला वीस मिनिटे लागली.

त्या बाटलीतल्या थराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण चालू न होणाऱ्या चेनसॉच्या तक्रारींपैकी निदान माझ्या पाहण्यातल्या बऱ्याचशा तेथूनच सुरू होतात. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि आता त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. काही मर्यादेपर्यंत हे पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेल्या अवस्थेत राहते, पण ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळे पडतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. चेनसॉच्या टाकीतील फिल्टर नळीच्या टोकाला वजनासारखा लोंबत असतो, म्हणजे तोही तळाशीच असतो, आणि इंजिनाला सर्वांत आधी हेच पाणी मिळते. शिवाय टू-टी ऑइल त्या पाणेरी थरात नीट मिसळत नाही, त्यामुळे त्यावर इंजिन कसेबसे चालू झालेच तर पिस्टनला पुरेसे वंगण मिळत नाही. दुसरीकडे पेट्रोलमधील हलके, लवकर वाफ होणारे घटक काही महिन्यांत उडून जातात आणि थंड इंजिन पेटवायला नेमके तेच लागतात. कोकणातील पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी चार महिने ठेवणे म्हणजे या दोन्ही गोष्टींना मोकळे रान देणे होय.

मिश्रणाच्या प्रमाणाबाबतही ढिलाई चालत नाही. माझ्या मशीनवर २५:१ असे लिहिलेले आहे, म्हणजे १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल. चांगल्या प्रतीच्या ऑइलवर चालणाऱ्या अनेक मशीनना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर पुरते. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच पाळावे आणि बाटलीच्या झाकणाने अंदाज घेण्याऐवजी औषधाच्या दुकानातील सिरिंज वापरावी. ऑइल जास्त झाले तर प्लग काळा, ओला होतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. कमी झाले तर पिस्टन घासून जातो, आणि ती चूक दुरुस्त करायला पैसे लागतात.

ताजे पेट्रोल भरूनही मशीन दाद देत नसेल, तर मी आता प्रथम प्लग काढून पाहतो, कारण पेट्रोल आत पोहोचते आहे की नाही हे तो लगेच सांगतो. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही, आणि ठिबकण्याइतका ओला असेल तर इंजिन ‘ओव्हर’ झालेले आहे. ओव्हर होण्याचे सर्वसाधारण कारण आपणच असतो. थंड इंजिन पूर्ण चोकवर एकदा ‘फट्’ करते आणि लगेच बंद पडते; हा आवाज म्हणजे चोक काढण्याची सूचना असते, पण गडबडीत तो ऐकू येत नाही आणि आपण चोक तसाच ठेवून ओढत राहतो. अशा वेळी प्लग काढावा, मशीन बंदच्या बटणावर ठेवावी, चोक पूर्ण उघडावा, रेस पूर्ण दाबून आठ-दहा वेळा दोरी ओढावी आणि साचलेले पेट्रोल बाहेर टाकून प्लग पुसून परत बसवावा. यासाठी गॅरेजमध्ये जाण्याचे काहीच कारण नाही.

ठिणगी तपासायची असेल तर सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे, प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवावा, प्लगच्या भोकापासून तो दूर धरावा आणि मग दोरी ओढावी. प्लगच्या टोकांमधील अंतर बहुतेक चेनसॉमध्ये ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते. ठिणगी नसेल तर ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलचा खर्च करण्यापूर्वी बंदच्या बटणाकडे जाणारी वायर कोठे सोलवटून बॉडीला लागत नाही ना, हे पाहावे. कॉइल आणि मॅग्नेट यांच्यामध्ये साधारण ०.३ मिलिमीटर फट असावी लागते आणि ती बसवताना मध्ये जाड कागदाचे व्हिजिटिंग कार्ड धरण्याची मेकॅनिक मंडळींची पद्धत बरोबर आहे.

कॉइलच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. २०२३ च्या हिवाळ्यात मशीन चालू व्हायची, दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालायची आणि मग आचके देत बंद पडायची. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू व्हायची. तालुक्याच्या गावातील एका मेकॅनिकने कॉइल गरम झाल्यावर सोडते असे निदान केले, आणि ते निदान अशक्य कोटीतले नव्हते, कारण कॉइल खरोखरच तसे करते. नवी कॉइल बसली आणि आजार तसाच राहिला. शेवटी एकदा मशीन बंद पडल्यावर मी टाकीचे झाकण सैल केले, तेव्हा सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि पुढच्याच ओढीला मशीन चालू झाली. टाकीत हवा येण्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते. ती तेल आणि भुशाने बुजली होती, त्यामुळे पेट्रोल जसजसे कमी होई तसतशी आत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल वर चढणेच थांबत असे. अर्ध्या तासात हवा हळूहळू झिरपत असल्यामुळे ‘थंड झाल्यावर चालू होते’ असा भास होत होता. म्हणून गरम असताना बंद पडणाऱ्या मशीनचे झाकण आधी सैल करून पाहावे, आणि त्याने फरक पडला नाही तर त्याच क्षणी, इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासावी.

कार्बोरेटरकडे मी शेवटी वळतो, पण त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट असतो. चेनसॉ आडवी, तिरपी, प्रसंगी उलटीही धरावी लागते, म्हणून तिच्यात फ्लोटऐवजी रबरासारखे दोन पातळ पडदे असतात. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमध्ये जो दाब बदलतो, त्याच्या धक्क्यांवर एक पडदा पंपासारखा हलून टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीने आत दबतो, एक इवलीशी तरफ हलवतो आणि सुईचे तोंड उघडून हवे तेवढेच पेट्रोल आत घेतो. हे पडदे नखाने दाबल्यावर मऊ लागले पाहिजेत. इथेनॉल आणि काळ यांनी ते कडक झाले की तरफ पुरेशी हलत नाही आणि पेट्रोल कमी पडते. याचे लक्षण अगदी स्पष्ट असते: मशीन चोकवर चालते आणि चोक काढला की मरते. हेच लक्षण टाकीतील फिल्टर बुजल्यावर, पेट्रोलची नळी चिरल्यावर किंवा कार्बोरेटरच्या आतील बारीक जाळीत लाल माती अडकल्यावरही दिसते, म्हणून तारेच्या आकड्याने टाकीतील फिल्टर बाहेर काढून पाहणे आणि नळी वाकवून तपासणे हे काम आधी करावे. पडद्यांचा संच स्वस्तात मिळतो आणि घरीही बदलता येतो, फक्त पडदा व त्याचे गॅस्केट यांचा क्रम उघडतानाच मोबाइलवर टिपून ठेवावा. मी पहिल्यांदा तो क्रम उलटा केला होता आणि पूर्ण रविवार त्यात गेला.

एअर फिल्टर हा त्यामानाने साधा विषय आहे: कोमट साबणपाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, परत बसवावा. तो लवकर का भरतो, याचे उत्तर मात्र अनेकदा चेनच्या धारेत असते. धारदार दाता लाकडाच्या जाड चिपळ्या काढतो. बोथट दाता, भिरडाने पोखरलेल्या आंब्याच्या बुंध्याशी पडतो तसा पिठासारखा भुसा पाडतो, आणि तो भुसा फिल्टरपासून टाकीच्या हवेच्या वाटेपर्यंत सगळीकडे जाऊन बसतो. (चेनच्या आजच्या दात्याचा आकार जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याला १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी अळी पाहूनच सुचला होता, म्हणजे आपण ज्या किडीला शिव्या देतो तिच्याच एका नातेवाइकाचे हे देणे आहे.) दर दोन टाक्यांनंतर कानस फिरवायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढ्याने इंजिनही कमी तापते.

पेट्रोल, हवा आणि ठिणगी हे तिन्ही ठीक असूनही मशीन हूं की चूं करीत नसेल, तर मशीन बंद ठेवून तिला दोरीच्या मुठीला धरून उचलावे. दाब चांगला असेल तर ती थबकत थबकत खाली येते. सरसर खाली आली तर रिंगा किंवा सिलिंडर गेला आहे असे समजावे. खात्री करून घ्यायची असल्यास सायलेन्सर काढून त्या खिडकीतून पिस्टन पाहावा, कारण त्यावरील उभे ओरखडे साध्या डोळ्यांनी दिसतात. सायलेन्सर काढलाच आहे तर त्याच्या तोंडाची जाळी तारेच्या ब्रशने घासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट चालू करण्याच्या पद्धतीबद्दल. मशीन एका हाताने हवेत धरून दुसऱ्या हाताने दोरी झटकण्याची सवय आमच्या भागात सर्रास दिसते, आणि ती मला मुळीच मान्य नाही. मशीन जमिनीवर ठेवावी, मागच्या मुठीत बुटाचे टोक घालावे, पुढची मूठ डाव्या हाताने दाबून धरावी आणि चेनचा ब्रेक लावलेला असावा. माझ्या मशीनमध्ये चोक ओढून परत आत ढकलला की रेस थोडी अडकून राहते, त्यामुळे ब्रेक नसेल तर इंजिन सुरू होताच चेन फिरू लागते. दोरीही एकदम हिसकू नये. अडथळा लागेपर्यंत हळू घ्यावी, मग जोरात ओढावी आणि परत जाताना हाताने सोबत करावी, म्हणजे आतील स्प्रिंग टिकते.

मे अखेरीस मी टाकी पूर्ण रिकामी करतो आणि कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मग प्लग काढून आत टू-टी ऑइलचे चार थेंब सोडतो, दोरी दोनदा सावकाश ओढतो, प्लग परत लावतो आणि दोरी जड लागेल तेथे, म्हणजे पिस्टन वर असताना, थांबतो. आमच्याकडे पावसाळ्यात जे कोरडे ठेवायचे ते चुलीवरच्या माळ्यावर टाकण्याची रीत आहे, पण तो मान सुक्या मासळीला आणि बियाण्याला द्यावा, पेट्रोलच्या मशीनला नव्हे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणेही चुकीचे, कारण आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती चादरीत गुंडाळून मी ती आतल्या खोलीत फळीवर ठेवतो.

मिश्रण आता एका वेळी एकच लिटर करतो आणि कॅनवर मार्करने तारीख लिहितो. महिना उलटला तर ते मशीनमध्ये घालत नाही, अंगणात उघड्यावर चेन धुवायला वापरतो. ऑक्टोबरमध्ये ताजे पेट्रोल भरल्यावर मशीन बहुधा पाचव्या-सहाव्या ओढीला चालू होते, आणि दहाव्या ओढीपर्यंत झाली नाही तर मी प्लगचा पाना आणायला आत जातो. स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कपाटात असतो.