सातवीचा वर्ग, 'झिंगाट' आणि पेटीच्या काळ्या पट्ट्या

संगीताचा तास आठवड्यातून एकदा, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर. पेटी एक, तबल्याची जोडी एक आणि समोर पन्नासभर मुलं. ज्या गाण्यांवर ही मुलं गणपतीत, वरातीत, घरच्या मोबाइलवर वाढतात, तीच घेऊन सातवीला संगीत शिकवायचं मी ठरवलं.

मुख्याध्यापकांनी एकच विचारलं, "आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी कशा करणार?" ठेका ओळखणं, सुरात म्हणणं, ऐकलेली ओळ पेटीवर काढणं, गटात एकमेकांना शिकवणं, असं कागदावर मांडून दिलं आणि परवानगी मिळाली. शिक्षकांच्या खोलीत मात्र एक ज्येष्ठ बाई कळवळून म्हणाल्या, "अगं, अल्लादियाखाँसाहेबांसारखे शास्त्रीय गायक ज्या गावात गायले, तिथं शाळेत सिनेमाची गाणी?" त्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो. देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या आमच्या कोल्हापुरात मुलांच्या कानावर राग पडायलाच हवा. पण सुधीर फडकेही याच कोल्हापुरात १९१९ साली जन्मले आणि गीतकार जगदीश खेबुडकर तर पेशानं शिक्षकच होते. सिनेमाचं गाणं आपल्या गावाला परकं कधीच नव्हतं.

पहिलं गाणं मुलांनीच निवडलं. "मॅडम, झिंगाटच घेऊया की!" म्हणजे 'सैराट'मधलं. शब्दांवरून पालकांच्या तक्रारी येतील हे दिसत होतं, म्हणून शब्द बाजूला ठेवून नुसता ताल घेतला. मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला, आणि टाळी कुठं जोरात पडते ते शोधायला सांगितलं. चार-चारचा हिशेब मुलांना लगेच सापडला. मग फळ्यावर केरवा हा आठ मात्रांचा ताल लिहिला: धा गे ना ती, न क धी न. एका मुलाचे काका हलगी वाजवतात. त्यानं बोल एकदा वाचले आणि बाकावर दोन्ही हातांनी असे उतरवले की मी तबल्यावरून हात काढून घेतला. पुढचा अर्धा तास वर्ग त्यानंच घेतला. सम (तालाची पहिली मात्रा), टाळी (जोराची जागा), खाली (हलकी जागा) हे शब्द त्या दिवशी मला समजावून सांगावे लागले नाहीत.

त्याच आठ मात्रांचा पाया घट्ट करायला पुढं 'साधी माणसं' (१९६५) मधलं 'ऐरणीच्या देवा' घेतलं. गीत खेबुडकरांचं, संगीत 'आनंदघन' या नावानं लता मंगेशकरांचं. घणाचा ठोका कुठं पडला तर गाणं चालतं आणि कुठं पडला तर अडखळतं, हे मुलांनी कंपासपेट्या वाजवून पाहिलं. शेजारच्या वर्गाला त्रास व्हायला लागला, तेव्हा आम्ही व्हरांड्यात बसायला लागलो.

सुरांचं काम अवघड होतं. सिनेमातल्या गायकाची पट्टी, म्हणजे सुराची उंची, मुलांना झेपत नाही. मुली ओढून गातात आणि आवाज फुटू लागलेले मुलगे गप्प बसतात. म्हणून ट्रॅक बंद करून पेटीवर सा काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर धरला. तिथून एक फायदा मिळाला, तो कुठल्याही संगीत शिक्षकानं करून बघावा. काळी तीनला सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या की सा रे ग प ध, म्हणजे भूप राग मिळतो. चुकीचा सूर लागायला जागाच नाही. ज्यानं आयुष्यात पेटीला हात लावला नव्हता, तोही तासाभरात ओळ काढतो.

या पट्ट्यांवर 'ज्योति कलश छलके' घेतलं. चाल सुधीर फडक्यांची, १९६१ च्या 'भाभी की चूड़ियाँ'मधली. जाणकार कोणी त्याला भूप म्हणतात, कोणी देशकार. दोन्हींचे सूर तेच, फरक कुठल्या सुरावर वजन द्यायचं त्याचा. सातवीला मी एवढंच सांगितलं. चार-पाच जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक ओळ दिली, आणि कानानं शोधा म्हटलं. इंग्लंडमध्ये संगीतशिक्षणाच्या अभ्यासक लूसी ग्रीन यांनी हाच मार्ग मांडला आहे: बँडमधली पोरं जशी मित्रांच्या संगतीनं, ऐकून ऐकून शिकतात, तसं शाळेत शिकू द्यावं. आपल्याकडं गुरूसमोर बसून ऐकून शिकणं जुनंच आहे, त्यामुळं मला त्यात परकं काही वाटलं नाही. स्वरलिपी नंतर दिली, सापडलेली ओळ विसरू नये म्हणून. तेव्हा तिचं काम मुलांना आपोआप कळलं.

वर्गात कधी न बोलणारी एक मुलगी पेटीशी बसली होती. एका बोटानं तीन-चार पट्ट्या चाचपत म्हणाली, "मॅडम, ही ओळ सा वर येतच न्हाई, तिथंच फिरती." न्यास, म्हणजे ओळ कुठल्या सुरावर विसावते, ते सांगायला याहून चांगला क्षण मिळाला नसता.

लोकप्रिय गाणं म्हणजे राग शिकवण्याआधी हातावर ठेवायचा खाऊ, असं मी मानत नाही. ऐकणं, मोजणं, सूर शोधणं हे सगळं त्या गाण्यातच घडतं. मुलांची आवड जपून हे करावं, राग आला की त्यांचं गाणं टाकून देऊ नये.

स्नेहसंमेलनात ही गाणी गाता येतात का अशी विचारणा होते, म्हणून सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी गाणं सादर करायला मुभा आहे, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी असतील तर. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं मात्र या मुभेत बसत नाही, तेव्हा आम्ही तो टाकत नाही.

आता त्याच काळ्या पट्ट्यांवर सा काळी एकला नेला आहे. सा रे म प ध, म्हणजे दुर्गा राग. काळी पाचला नेला की मालकंस निघतो, पण तो आठवीला.