चार रविवार चुकले, पाचव्याला गेले

मी दहावी नापास. 1999 साली, गणितात. दोन वर्षांनी लग्न झालं आणि त्या गणिताचं पुन्हा कुणी नावच काढलं नाही. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पोरगी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली की तिच्या पोटापाण्याची काळजी मिटली, असं धरतात. सूप माझ्या मांडीवर दहाव्या वर्षापासूनच होतं.

पुढे आम्ही कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला आलो. 10 हजार घरांची ही वसाहत विडी कामगार बायकांची. 2012 साली विड्या द्यायला ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करायच्या जागी, गेले होते, तिथं रांगेत एका बाईनं सांगितलं की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी नावाची परीक्षा असते. त्या वेळी नियम असा होता की दहावी-बारावी झालेली नसली तरी चालेल, वय 18 पूर्ण पाहिजे, ती परीक्षा पास झालं की थेट बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. मला वाटलं बाई चेष्टा करतेय. खरं निघालं. पूर्वतयारी झाली, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. खरी गोष्ट बी.ए.ला नाव घातल्यावर सुरू होते.

पुस्तकं मिळाली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पुस्तकं मराठीत, आणि हात दिवसभर विडीत अडकलेले. वाचायचं कधी? थोरली सहावीत होती. तिला समोर बसवलं आणि म्हटलं, मोठ्यानं वाच. विडी वळायला डोळे लागत नाहीत. पान फर्म्यावर कापून ठेवलं की जर्दा भरून वळणं, दोरा गुंडाळणं हे बोटं आपोआप करतात. 25 विड्यांचा एक कट्टा, असे 40 कट्टे झाले की हजार. आमचा हिशेब ठरला: एक कट्टा, एक पान. तिनं पान वाचायचं, कट्टा बांधेपर्यंत मी ते मनात घोळवायचं, आणि दोरा तोडताना तिला तेलुगूत सांगायचं की काय कळलं. नाही सांगता आलं तर पुन्हा तेच पान. कोपऱ्यात पानं कापत बसलेल्या सासूबाईंच्या कानावरही हे पडायचं. एकदा मी राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात घोळ घातला, तर त्यांनीच दुरुस्त केलं. त्यांना सही येत नाही, अंगठा करतात.

रविवारी संपर्कसत्र, म्हणजे मुक्त विद्यापीठाचा वर्ग. कुंभारीहून बस धरून शहरात यायचं. वर्गात कोण कोण होतं! यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट येणारा एक पोरगा पहिल्या तासाला हमखास पेंगायचा. एक टेंपोवाले दादा होते, आणि शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या एक अक्का. त्या पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी वर्ग भरलेला होता, दिवाळीपर्यंत निम्मा झाला.

मीही त्या गळालेल्या निम्म्यात जाणार होते. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आली. यात्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला घरी पाहुणे, एक रविवार गेला. दुसऱ्या रविवारी धाकटीला ताप. तिसऱ्या रविवारी तसं काहीच कारण नव्हतं, पण दोन चुकले, आता सर काय म्हणतील, सगळे पुढं गेले असतील, म्हणून गेले नाही. चौथ्या रविवारी तर मुद्दाम जादा पानं भिजवून ठेवली, म्हणजे घरी बसायला कारण मिळावं. लोक म्हणतात अभ्यास अवघड, इंग्रजी अवघड, पैशाची अडचण. असेल. पण आमच्या वर्गातली जी माणसं गळाली, त्यांतली बरीचशी तिसऱ्या रविवारी गळाली, असं माझं मत आहे. पहिल्या दोन वेळा अडचण असते, तिसऱ्या वेळी लाज.

शनिवारी रात्री अक्कांचा फोन आला.

"काय करलालीस गं घरी बसून? येईना गेलीस ते?"

मी तापाचं सांगायला लागले. त्यांनी मध्येच तोडलं. "ते राहू दे. मला गृहपाठाचा दुसरा प्रश्न कळंना गेलाय. उद्या ये, सांग मला."

मला तरी कुठं कळला होता! पण त्यांना सांगायचा म्हणून रात्री उठून वाचला. सकाळी वर्गात शिरले. सरांनी विचारलंच नाही कुठं होतीस म्हणून. फळ्यावरची तारीख पुसत होते, बस म्हणाले.

परीक्षा मे महिन्यात. सोलापूरचा मे सांगायला नको. उन्हापेक्षा मला हातानं दगा दिला. गृहपाठ सोडला तर चौदा-पंधरा वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या पेपरला तासाभरात बोटं आखडली. दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं, आणि पेन धरवेना! कागदावर जर्द्याचे पिवळे डाग पडले ते वेगळंच. दुसऱ्या वर्षापासून मार्च लागला की रोज तीन पानं नुसती उतरून काढायची. काय लिहितो ते महत्त्वाचं नाही, हात चालला पाहिजे. मुक्त विद्यापीठातून करणाऱ्या कुणी विचारलं तर मी हे आधी सांगते. गृहपाठ वेळेत द्या, ते गुण हातचे असतात, हे त्यानंतर.

एक विषय राहिलाच पहिल्या वर्षी. कोणता ते सांगत नाही, त्या विषयाचे सर अजून बाजारात भेटतात. पण दुसऱ्या वर्षाला प्रवेश अडला नाही, आणि तो विषय पुढच्या मेमध्ये निघाला. 2016 ला पदवी हातात आली. मधेच एमएससीआयटी हा संगणकाचा कोर्स केला. आता टॉवेलच्या एका गोदामात बिलं करते. पगार फार नाही, पण विडीपेक्षा बरा. शिवाय छाट, म्हणजे खराब माल, म्हणून कुणी माझं काम बाजूला काढत नाही. विडीच्या छाटेचे पैसे कापले जायचे, ते मी अजून विसरले नाही.

अक्कांचं तिसरं वर्ष राहून गेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग नातू. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. ते मला खातं.

आता गल्लीतल्या चार जणी आणि गोदामातला एक हमाल पोरगा मुक्त विद्यापीठातून करतात. शनिवारी जेवणं झाली की मी यादी घेऊन बसते. अभ्यास झाला का, असं विचारत नाही. विचारलं की माणूस फोन उचलायचा बंद होतो. बस किती वाजता, डबा काय आणणार, एवढंच. परवा तो पोरगा तीन रविवारांनी आला. गृहपाठाची वही उघडली तर अर्धीच भरलेली. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, पेन आणायचं विसरलो."

मी दोन घेऊनच गेले होते.