निळा नळ, लाल नळ

१५ सप्टेंबर, दुबई

आज पहाटे साडेचारला गच्चीवर गेले होते, तारा बघायला. त्याचं पुढे लिहिते. आधी नळाचं लिहायला हवं, कारण या शहरात मी जरा रुळले असेन तर ती नळापासूनच.

एप्रिलमध्ये आले तेव्हा सगळी कागदपत्रांची धावपळ होती. एमिरेट्स आयडी, भाडेकराराची इजारी नोंदणी, वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखा घातलेले चार चेक. चौथ्या चेकवर सही करताना पोटात गोळा आला होता, पण ही कामं यादी करून संपवता येतात. पाणी कुठल्याच यादीत नव्हतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी ऑफिसातून आले, निळ्या खुणेचा नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि किंचाळलेच. पाणी नुसतं कोमट नव्हतं, चटका बसेल असं होतं. गीझर बिघडला असणार म्हणून नातूरला बोलावलं. इमारतीच्या वॉचमनला इथे नातूर म्हणतात. तो गालात हसला. "भाभी, गीझर बंद करो. ठंडा पानी लाल नल से आएगा."

मला वाटलं, माझी थट्टा करतोय. पण गणित सोपं निघालं. टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात, त्यामुळे निळ्या नळाला तापलेलं पाणी. गीझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवला की त्यात साठलेलं पाणी रात्रभरात निवतं, आणि ते येतं लाल नळातून. मे ते ऑक्टोबर गीझर म्हणजे माठ! फक्त तो भरतो त्याच टाकीतून, तेव्हा लागोपाठ दोन अंघोळी झाल्या की दुसऱ्याच्या नशिबी पुन्हा गरम पाणी. सकाळी आधी कोण जाणार यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी त्या चेकांवरूनही झाली नाहीत.

पहिले पंधरा दिवस हात निळ्याकडेच जायचा. नंतर कधी लालकडे जायला लागला, ते कळलंच नाही.

बाकीच्या गोष्टीही अशाच अंगवळणी पडल्या. घरातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, तेव्हा दारातच थांबून दहा अंक मोजायचे. बुरजुमान मेट्रो स्टेशनला जायचा जवळचा रस्ता आणि सावलीचा रस्ता वेगळे आहेत, आणि सावलीचा सकाळी एका बाजूने असतो, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने. मेट्रोत पाण्याचा घोट घेतला तरी १०० दिरहम दंड, म्हणून फलाटाच्या आधीच पिऊन घ्यायचं. पत्त्याचं मात्र अजून जमत नाही. प्रत्येक इमारतीच्या दाराशी दहा आकडी मकानी नंबराची पाटी आहे, पण कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, फोन केला की तिथला मल्याळी मुलगा नंबर विचारतच नाही. "चारसौदो? दूध, दही?" एवढंच म्हणतो. मी कोण ते त्याला ठाऊक नाही, दही किती लागतं ते ठाऊक आहे.

खिडकीसमोर एक इमारत उभी राहतेय. १५ जूनपासून दुपारी साडेबारा ते तीन तिथली क्रेन गप्प असायची. २००५ पासून हा नियम आहे, कडक उन्हाळ्यात या वेळात उघड्यावर काम करून घ्यायचं नाही. कामगार तळमजल्याच्या स्लॅबखाली ओळीने आडवे व्हायचे, हेल्मेट उशाला, तोंडावर रुमाल. मी आत एसीत स्वेटर घालून घरून काम करत बसलेली. ते बघताना माझ्या पाण्याच्या तक्रारीची मला लाज वाटायची, आणि संध्याकाळी निळा नळ चुकून उघडला की मी ती पुन्हा करायचेच. आज त्या सुट्टीचा शेवटचा दिवस. उद्यापासून क्रेन भर दुपारी फिरेल. तारीख बदलली म्हणून ऊन काही एका दिवसात उतरत नाही.

आता ताऱ्याचं. इथले जुने लोक ऑगस्ट अखेरपासून सुहैलची वाट बघतात. २४ ऑगस्टच्या सुमारास तो पहाटे दिसू लागतो आणि तो उगवला की रात्री गार व्हायला लागतात, असं म्हणतात. ऑफिसात हे ऐकलं तेव्हा शोधून पाहिलं, तर सुहैल म्हणजे आपला अगस्त्य! ज्याच्या उदयानं पावसाचं गढूळ पाणी निवळतं म्हणतात, तोच. आपल्यासाठी तो पाणी स्वच्छ करतो, यांच्यासाठी हवा थंड करतो. नोकरी एकाची, साहेब दोन.

दोनदा पहाटे उठले, दोन्ही वेळा धुरकट आभाळ. आज वर गेले तर व्याध लखलखीत होता. त्याच्या खाली, दक्षिणेकडे, क्षितिजाच्या जेमतेम वर दोन क्रेनच्या मधोमध एक तारा थरथरत होता. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, अजान सुरू झाली, तेवढ्यात नातूर झाडू घेऊन वर आला. मी बोट दाखवलं. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, "हां, सुहैल," म्हणाला आणि झाडायला लागला.

उतरताना टाकीला हात लावून पाहिला. खाली येऊन निळा नळ सोडला. अजून गरमच.

लाल उघडला तर तोही गरम. हे आधीच अंघोळ करून मोकळे झाले होते.