न दिसणारा मायनस

"सर, दोन ओळींच्या आकृतीसाठी अख्खा रविवार? हातानं काढा आणि फोटो चिकटवा की!" कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्यापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचं हेच. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बारावीच्या पोरांना क्रॉस प्रॉडक्ट (दोन व्हेक्टरचा, म्हणजे दिशा असलेल्या राशींचा, एक गुणाकार) डिटर्मिनंटनं, म्हणजे आकड्यांच्या चौकटीनं, शिकवला की मधल्या पदाचा मायनस हमखास गळतो. म्हणून मी दोन्ही व्हेक्टरचे घटक एकाखाली एक अशा दोन ओळींत, ओळीत दोन-दोनदा लिहितो. पहिला नि शेवटचा स्तंभ खोडायचा, उरलेल्या चारांत शेजारशेजारच्या बाणांच्या तीन फुल्या मारायच्या. खाली उतरणारा गुणाकार अधिक, वर चढणारा वजा. वर 2, −1, 3 आणि खाली 1, 4, −2 घेतलं तर उत्तर −10, 7, 9.

पूर्वी ही आकृती वर्डमध्ये करायचो. एकदा दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाँट बदलला आणि 3 वरून 1 वर उतरणारा बाण सरकून थेट −2 वर टेकला. मी न बघताच साठ प्रती काढल्या. वर्गात निम्म्या पोरांचं मधलं उत्तर 7 ऐवजी −2! रागावलो, तर एक जण म्हणाला, "सर, बाण जिकडं जातो तिकडंच गेलो." काय बोलणार?

तेव्हापासून लाटेक, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर नि गणितं जुळवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या मुळाशी असलेलं टेक डोनाल्ड कनूथ यांनी केलं, तेही 1977 मध्ये स्वतःच्याच पुस्तकाची मुद्रितं बघून वैतागल्यावर. त्यामुळे माणूस आपल्यातलाच वाटतो. यात टिक्झ हे आकृत्या काढायचं पॅकेज वापरून प्रत्येक आकड्याला नाव द्यायचं आणि 'या नावापासून त्या नावापर्यंत बाण' एवढंच सांगायचं. आकडा हलला की बाण मागोमाग जातो. फक्त फाइल दोनदा चालवावी लागते. पहिल्या फेरीत आकड्यांच्या जागांची नोंद होते, दुसरीत बाण जागेवर बसतात. हे कळेपर्यंत माझे बाण पानभर भरकटायचे, आणि मी स्वतःलाच शिव्या घालायचो.

खरा वेळ खातो तो मायनस. स्तंभ मधोमध जुळवला की −2 मधला 2 उजवीकडे ढकलला जातो आणि वरचा 3 त्याच्या डोक्यावर राहत नाही. मग 3 च्या आधी 'फँटम' मायनस घालायचा: जागा घेतो, छापला जात नाही.

झेरॉक्सवाल्याकडे आता फक्त पीडीएफ नेतो. तरी पहिल्या प्रतीवर प्रत्येक बाणावरून बोट फिरवल्याशिवाय पुढच्या काढू देत नाही. मागे रांग लागते, तो वैतागतो. चालायचंच.