एकच फूल मध्येच का?

रविवार, रात्री उशिरा

मावशीने सहज विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाकीचे फोटो काढत होते आणि ती चष्मा कपाळावर चढवून केककडे वाकून बघत होती. म्हणाली, "काय गं, किनारीत हे एकच फूल असं मध्येच का?" मी म्हटलं, "डिझाईन आहे मावशी, असंच असतं ते." "हो का? छान दिसतंय," म्हणाली आणि विषय संपला. तिच्यापुरता संपला. मी मात्र भांडी घासताना तेच घोळवत होते, दिवा मालवल्यावरही तेच. शेवटी उठून वही काढली.

डिझाईन कसलं डोंबलाचं. त्या फुलाखाली खड्डा होता.

झालं असं, की मी केकच्या वरच्या कडेला क्रीमच्या शंखांची किनार घालत होते. क्रीम भरलेली, टोकाला नोझल लावलेली पिशवी 45 अंशांत तिरकी धरायची, दाबायची, क्रीम फुगून वर आली की दाब हलका करत मागे ओढायचं, म्हणजे शेपटी निमुळती सुटते. नऊ-दहा शंख मनासारखे आले. पुढचा वाकडा. आणि वाकडा आला हे मनात उमटायच्या आत उजव्या हाताने पिशवी ठेवून पॅलेट नाईफ, म्हणजे क्रीम सारखी करायची बोथट सुरी, उचललासुद्धा. सर्रकन खरवडलं. शंख निघाला, त्याच्याबरोबर खालचा गुळगुळीत थर निघाला, आणि त्याला चिकटून स्पंजाचा लचका. पांढऱ्याशुभ्र केकवर तपकिरी भोक. मी तशीच उभी, हातात सुरी.

हात असा का वागला हे कळायला वेळ लागला नाही. गिळायला लागतोय.

गेले कित्येक महिने या हाताने दुसरं केलंय काय? केकचा टिन उपडा घालायचा, सराव म्हणून त्यावर किनार काढायची, फुलं काढायची आणि सगळं खरवडून परत वाडग्यात. शॉर्टनिंग, म्हणजे डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप, आणि आयसिंग शुगर घोटून केलेला तोच एक गोळा. त्यात दूध नाही, लोणी नाही, त्यामुळे टिकतो. लोण्यासारखा लगेच वितळतही नाही. झाकण लावून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी घोटून पुन्हा पिशवीत भरायचा. रंग एकमेकांत मिसळून त्याचा आता राखी-जांभळा काहीतरी झालाय. वाडग्यावर 'खायचं नाही' अशी चिठ्ठी आहे, तरी धाकट्याने एकदा बोट घातलंच. मेणबत्तीसारखं लागतं म्हणाला. त्याने मेणबत्ती कधी चाखली होती, ते विचारायचं राहिलं.

अक्षरांचा सरावही तसाच. कागदावर ओळी आखून तो प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालायचा, वरून गिरवायचं, पुसायचं. गिरवायचं, पुसायचं. टिनवर सुरी फिरवली तर टिनचं काही जात नाही, उलट लख्ख होतो. चुकलं तरी मागमूस नाही. मला वाटायचं मी किनार शिकतेय. हात मात्र खरवडणं शिकत होता, आणि त्यातच तरबेज झाला.

करणार काय? दरवेळी खरा केक भाजून त्यावर सराव करायचा तर सामान पुरायला हवं ना. दोनच नोझल घेतली, एक चांदणीच्या तोंडाचं 1एम आणि एक पाकळ्यांसाठी 104 नंबरचं. केकच्या वर्गात मैत्रीण जाते, तिच्याकडे अख्खा डबा आहे. जाऊ दे. केक फिरवत सजवायचं टर्नटेबल माझ्याकडे म्हणजे उपड्या वाडग्यावर ताटली. फिरवायला गेलं की कधी ताटली फिरते, कधी वाडगा, कधी दोन्ही विरुद्ध दिशांना. दुसऱ्यांचे केक बघताना मी आधी केकखाली काय आहे तेच बघते. आज तर वाटलंही, की माझ्या नशिबी कायम उपडी भांडीच.

पण खड्ड्याचा दोष ताटलीवर ढकलता येत नाही. केकला पहिला पातळ थर देतात ना, स्पंजाचा चुरा धरून ठेवायला, तो मी अगदीच जीव काढून दिला. क्रीम पुरेल की नाही ही धाकधूक. फ्रीजमध्ये 20 मिनिटं ठेवला, सगळं रीतसर केलं, पण मुळात थरच जागोजागी नव्हता, तो धरणार काय? आणि सगळं झाल्यावर वाडग्यात क्रीम किती उरली होती? अर्धा वाडगा. तीन खड्डे बुजवून वर उरली असती.

हेच टोचतंय. मावशीला खोटं बोलले ते तितकंसं नाही. पुरवून पुरवून वापरायची इतकी सवय झालीय, की असतानाही हात सुटत नाही, आणि चुकलं की मागे घेतल्याशिवाय राहवत नाही. ह्यांनी बघितलं होतं खरवडताना. काही बोलले नाहीत. तेही एक असो.

क्रीम काही शॉर्टनिंग नव्हे, हेही तेव्हा कळलं. खरवडलेली पुन्हा पिशवीत भरायला गेले, सवयीने, तर बाहेर आली ती रवाळ, फाटल्यासारखी. एकदा नोझलमधून दाबून काढली की तिच्यातली हवा जाते. शिवाय मी इतका वेळ पिशवी घट्ट धरून विचार करत उभी, तळहाताच्या उबेने आतली उरलेलीही सैल पडली. मग ताजी क्रीम भरली, 1एमने खड्ड्याच्या मधोमध टेकवून एक वळसा, दुसरा वळसा, सोडलं. भोक गायब.

आता फोटो मोठा करून पाहते, तर केकवर सगळ्यात बरं तेच आहे. गुलाबाच्या 3, मग 5, मग 7 पाकळ्या घोटून घोटून मनगट दुखवून घेतलं, आणि अब्रू वाचवली कुणी, तर दोन वळशांत होणाऱ्या रोझेटने, त्या साध्या गोल फुलाने. त्याचा कधी वेगळा सरावसुद्धा केला नव्हता. मावशीने नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं, म्हणजे नजर काही वाईट नाही तिची. कापताना ती फोड तिच्याच ताटलीत गेली. खड्ड्यासकट खाल्ली तिने.

झोप येईना म्हणून मघाशी टिन उपडा घातला. राखी-जांभळा गोळा घोटला. पॅलेट नाईफ आधी खणात ठेवून खण लावला. किनार घालायला घेतली, सहावा का सातवा वाकडा आला, आणि हात गेलाच सुरीकडे. जागेवर नाही म्हटल्यावर ओट्यावर चाचपडला. आपलाच हात असा चाचपडताना बघून मला हसू फुटलं.

मग म्हटलं, बघू तर पुढे काय होतं. पुढचा शंख त्याच्या शेपटीवर टेकवून दाबला. तो फुगला, वाकडी शेपटी त्याच्या पोटाखाली गेली. त्याच्या शेपटीवर पुढचा. पूर्ण फेरी झाल्यावर लांबून पाहिलं. वाकडा कुठला, ते ओळखायला मला दोनदा मोजावं लागलं.

आता खण उघडून सुरी घेते. गोळा उद्याला लागणार आहे.