ड्रायव्हर लोड झाला, मग वेळ का जुळत नाही?

टायमिंग कार्ड (अचूक वेळेसाठी स्वतःचं घड्याळ असलेलं कार्ड) बसवलं, लिनक्सवर ड्रायव्हर टाकला, एकही एरर नाही, तरी मशीनची वेळ होती तशीच. असं का, हे मला सारखं विचारलं जातं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

इथे कामाची घड्याळं दोन असतात. एक कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, ज्यावरून 'डेट' कमांड वेळ सांगते. दुसरं कार्डावरचं, जे ड्रायव्हर लोड झाल्यावर /डेव्ह/पीटीपी0 म्हणून दिसू लागतं. ड्रायव्हर हे दुसरं घड्याळ तुमच्या हाती देतो आणि मोकळा होतो. पहिल्याला त्याची खबरही नसते.

पुढचं काम लिनक्सपीटीपी पॅकेजमधल्या दोन प्रोग्रामांचं. पीटीपी म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ जुळवायची पद्धत. पीटीपी4एल नेटवर्कवरच्या मास्टर घड्याळाकडून वेळ घेऊन कार्डाचं घड्याळ लावतो. पीएचसी2सिस ती वेळ कर्नलपर्यंत पोचवतो. बहुतेकांचा हा दुसराच चालू करायचा राहिलेला असतो.

तो चालू केल्यावर वेळ बरोब्बर 37 सेकंद पुढे गेली, तर कार्डाला नावं ठेवू नका. पीटीपी सहसा टीएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुवेळेवर चालतं आणि त्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून घातलेला जादा सेकंद) नसतात. यूटीसी, म्हणजे आपली रोजची जागतिक प्रमाणवेळ, जानेवारी 2017पासून त्याच्या 37 सेकंद मागे आहे. पीएचसी2सिसला -डब्ल्यू (स्मॉल) हा पर्याय दिला की हा फरक तो पीटीपी4एलकडून स्वतःच विचारून घेतो. काही जण कॉन्फिगमध्ये सरळ 37 लिहून टाकतात. चालतं, पण लीप सेकंद पुन्हा आला की ती ओळ कुणाच्या लक्षात असणार?

आणि हो, वेळ जुळवणारा दुसरा प्रोग्राम क्रोनी आधीपासून चालू असेल तर तो आणि पीएचसी2सिस एकाच घड्याळाला ओढत बसतात. वेळ स्थिर होत नाही ती त्यामुळे. दोघांपैकी एकालाच ठेवा.

ज्यांनी कार्ड अजून घेतलेलं नाही, त्यांनी आधी आहे त्या नेटवर्क पोर्टवर ईथटूल -टी (कॅपिटल टी) चालवून बघावं. हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग (पॅकेटवर वेळेचा शिक्का पोर्टानेच मारणं) दिसलं, तर वेगळ्या कार्डाची गरज बऱ्याचदा उरत नाही.

राहिला कर्नल अपडेटनंतर गायब होणारा ड्रायव्हर. हाताने बिल्ड केलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, त्या एका कर्नलपुरतंच असतं. डीकेएमएस या मॉड्यूल पुन्हा बिल्ड करणाऱ्या व्यवस्थेत नोंदवलं आणि नव्या कर्नलचे हेडर (बिल्डला लागणाऱ्या फाइल) मशीनवर असले, की ते आपोआप पुन्हा बिल्ड होतं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते, आणि त्या सहीची की मोकयूटिल या कमांडने एकदा नोंदवावी लागते. त्यापेक्षा सिक्युअर बूटच बंद करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी नाही सांगणार.