गव्हाच्या दाण्यासारख्या पेशी

पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या एका मावशींना पुन्हा रक्त जाऊ लागलं. शेजारणी म्हणाल्या, उष्णता झाली, सब्जा खा. त्यात आठ महिने गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं आणि डाव्या अंडाशयात गाठ. ऑपरेशननंतर काढलेले अवयव टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा डबा माझ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या, टेबलावर आला.

गाठ मोठ्या मोसंबीएवढी. कापली तर आत पिवळसर मऊ मांस आणि मधूनमधून रक्ताने भरलेल्या पोकळ्या. अंडाशयातला हा पिवळा रंग दिसला की हार्मोन बनवणाऱ्या पेशींची शंका येतेच.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली. पेशींची केंद्रकं लांबट, मधोमध चीर. पुस्तकं याला कॉफीची बी म्हणतात. मला विद्यार्थिदशेपासून गव्हाचा दाणाच दिसतो. काही ठिकाणी याच पेशींनी गुलाबी ठिपक्याभोवती फेर धरला होता. याला म्हणतात कॉल-एक्स्नर बॉडी, अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा पेशींची खूण! मध्ये स्त्रीबीज नाही, तरी त्याला सांभाळायला उभ्या असल्यासारख्या.

ग्रॅन्युलोसा पेशींचं मूळ काम तेच. त्या बीजाला वेढून असतात, त्यांच्या बाहेर थेका पेशींचा थर. थेका पेशी कोलेस्टेरॉलपासून पुरुषी हार्मोन बनवतात, ग्रॅन्युलोसा त्याचं इस्ट्रोजेन करतात. एकीने पीठ मळावं, दुसरीने भाकरी थापावी तसं. जन्मावेळी दहा-वीस लाख बीजं असतात, पाळी जाताना हजाराच्या आसपास उरतात आणि ही चूल विझत जाते. मावशींच्या गाठीत मात्र ती पेटलेली होती. त्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढलं, म्हणून रक्तस्राव.

गाठ थेका पेशींची तर नाही ना, म्हणून पेशींमधले बारीक धागे काळे दाखवणारा रेटिक्युलिनचा रंग दिला. थेकाच्या गाठीत काळे धागे एकेका पेशीला वेढतात. इथे ते अख्ख्या पुंजक्यांभोवती होते. या पेशी बनवतात त्या इन्हिबिन हार्मोनची चाचणीही पॉझिटिव्ह. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, नक्की. अस्तरात कर्करोग नव्हता, तेव्हा जीव भांड्यात पडला.

रिपोर्ट न्यायला मावशी स्वतः आल्या. "डॉक्टरबाई, म्हातारपणी पाळी परत येते का हो?"

"नाही मावशी. एक थेंब दिसला तरी लगेच यायचं."

गाठ अंडाशयापुरतीच होती, पण ही जात दहा-वीस वर्षांनीही उलटू शकते. म्हणून तपासणी चालू ठेवायची, रक्तात इन्हिबिन बघायचं, हे मी समजावलं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

"वीस वर्षं टिकायला पाहिजे ना," कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "जाताना लॅमिनेशन करून घेते."